राणी रंगात एक मूठ पावडर

राणी रंगाची पूड कोरडी असते तेव्हा हिरवी दिसते. कुणाला खोटं वाटेल, पण मी ती लहानपणापासून पाहत आलो. डब्याचं झाकण उघडलं की आत हिरवट सोनेरी चमक, आणि त्यातली चिमूटभर पाण्यात पडली की अख्खं घंगाळ गर्द गुलाबी. बाहेरगावचा पाहुणा आला की बाबा त्याला मुद्दाम भट्टीजवळ नेऊन हे दाखवत आणि पाहुण्याने आ वासला की स्वतःच खुदकन हसत. मी हे कौतुकासाठी सांगत नाही. त्या पुडीचं आणि कपडे धुवायच्या पावडरीचं पाण्यात काय होतं हे मला आज तोंडपाठ आहे, म्हणाल तर चार पानं लिहून देईन. ठाऊक असायला हवं होतं तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. त्यात माझ्या बापाचं काम गेलं. एवढीच हकिकत आहे.

बाबा रंगारी होते. तुमसरच्या अलीकडे आमचं गाव. कोष्ट्यांची वस्ती मोठी आणि घरोघरी माग. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणल्या जायच्या. अंग कोशाच्या मूळच्या फिक्या रंगाचं, काठाला करवतीच्या दात्यांची नक्षी. त्या काठाचं सूत रंगवायचं काम बाबांकडे असे. परसात दोन भट्ट्या, त्यांवर तांब्याची दोन मोठी घंगाळं, आणि जळणाला राइस मिलमधून पोत्यांनी आणलेलं धानाचं तूस. तूस धुमसत जळतं, एकदम भडकत नाही, म्हणून पाणी हवं तेवढंच तापतं. आमच्या घरातल्या भिंती, लुगडी, चहाच्या कपाचे कान, सगळ्यावर कुठे ना कुठे राणी रंगाचं बोट उठलेलं असायचं. शाळेत पोरं माझ्या तळव्यांवरून मला चिडवायची. मला त्या रंगाची लाज वाटायची, हे आधीच कबूल करून टाकतो.

बाबांची कामाची पद्धत ठरलेली होती. सूत आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, म्हणजे त्यावरचा चिकटपणा निघतो. मग साध्या पाण्यातून तीनदा काढायचं. तिसऱ्या पाण्यात सूत पिळून बघायचं, फेसाचा एक बुडबुडा जरी दिसला तरी चौथं पाणी. "फेस मेला का पाय आधी," ते म्हणायचे, "फेस जित्ता असन त सूत रंगात टाकू नोको." मी एकदा विचारलं, काहून? तर म्हणाले, "माया गुरूनं सांगतलं नाई, म्या इचारलं नाई." मला तेव्हा या उत्तराचा राग यायचा. विचारायचंच नाही, ही काय रीत झाली?

रंगवलेलं सूत वाळलं की बाबा त्यातला एक धागा तोडून तोंडात धरायचे. चांगला अर्धा तास. दाढेखाली चघळत ते बाकीची कामं करत राहायचे आणि मग धागा काढून धोतराच्या सोग्यावर दाबून बघायचे. धोतरावर डाग पडला नाही तरच लड्या बांधायच्या. मग विणकर आला की लडी त्याच्या दोन्ही हातांवर ठेवून एकच शब्द म्हणायचे, "पक्का." विणकर तो शब्द ऐकल्याशिवाय हात मागे घेत नसे. कितीही घाईत असला तरी थांबायचा.

हा शब्दच आमचं सगळं काही होता. कारण तोवर नागपूरहून तयार रंगाचं सूत गावात यायला लागलं होतं. स्वस्त, आणि छटा तर किती! बाबांकडे मोजून चार-पाच रंग. तरीही विणकर आमच्या दारी यायचे ते एवढ्याचसाठी, की आमच्याकडचा रंग साडी फाटेपर्यंत जागचा हलत नसे. तो एकदा हलला असता तर आमच्याकडे यायचं दुसरं काही कारण कुणापाशीच नव्हतं. हे बाबांना ठाऊक होतं, मायला ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी भंडाऱ्याला राहून बी.एस्सी. झालो, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या गल्लीत पहिलाच. बाबांनी चहाच्या टपरीवर सांगून टाकलं होतं, "पोरगा रंगाची इद्याच शिकून आला." मी कुठली रंगाची विद्या शिकलो होतो? चार समीकरणं पाठ केली होती. नोकरीचे अर्ज टाकून घरी बसलो होतो आणि बसल्या बसल्या शहाणपण पाजळत होतो. घरातल्या प्रत्येक गोष्टीत मला अडाणीपणा दिसायचा. माय राखेने भांडी घासते, तो अडाणीपणा. बाबा फेसाला भितात, तोही अडाणीपणा.

आणि ते धागा तोंडात धरणं तर मला बघवतच नसे. राणी रंगाची पूड विषारी असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि ते खरंच आहे. मी एक दिवस पुस्तक उघडून बाबांसमोर धरलं. त्यांना वाचता येत होतं ते मराठी, पुस्तक इंग्रजी. तरी ते पानाकडे बराच वेळ बघत राहिले.

"इस आहे मनतोस?"

"हो बाबा. पोटात गेलं त आतून खाते. तुमी तीस वर्सापासून चघळून राहिले."

त्यांनी तोंडातला धागा काढून टाकला आणि चूळ भरली. त्यानंतर त्यांनी धागा तोंडात धरला नाही. मी प्रेमापोटी सांगितलं होतं, यात खोटं काही नाही. पण त्या धाग्याच्या जागी दुसरं काय करायचं, हे मी सांगितलं नाही. आणि बाबांनी विचारलं नाही, कारण मी शिकलेला होतो.

धान निघालं, मळणी आटोपली, आणि लग्नसराईच्या साड्यांसाठी सूत यायला लागलं. त्या खेपेला बरंच सूत आलं होतं. सगळ्यांत जास्त एका विणकराचं. तो बाबांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बाबांना 'दादा' म्हणायचा आणि त्यांचा जवळचा माणूस. त्याच्या घरात दोन माग होते आणि त्याच्या साड्या पार नागपूरच्या दुकानांत जायच्या.

त्या दिवशी बाबा सकाळी तुमसरला तूस आणायला गेले होते. जाताना मला सांगून गेले होते की सूत धुऊन ठेव, पाणी तापव, रंग घाल, मी येतोच. मी सूत धुतलं. तीन पाण्यांतून काढलंही. पाणी तापलं, रंग घातला. आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. साबणाने पाणी 'ओलं' होतं, म्हणजे धाग्यात चटकन शिरतं, हे मी वाचलं होतं. कोशाचं सूत पाणी पटकन धरत नाही, म्हणून बाबा तासभर काठीने लड्या खालवर करत उभे राहायचे. पाण्यातच थोडी पावडर टाकली तर? रंग भराभर शिरेल, सगळीकडे सारखा बसेल, बाबांचा तास वाचेल. न्हाणीत मायचा कपडे धुवायच्या पावडरीचा पुडा होता. तेव्हा ती पावडर गावात नवीनच आली होती आणि माय ती जपून वापरायची. मी एक चांगली मूठ भरून घंगाळात टाकली आणि काठीने ढवळली. मग सूत सोडलं.

बाबा आले तोवर लड्या रंगल्या होत्या. आणि रंग असा सारखा, असा गर्द बसला होता की बाबा काठीवर लडी उचलून नुसते बघत राहिले. "कवा टाकलं सूत? इतक्यात झालं?" मी नुसता हसलो. वाटलं, वाळू दे, मग सांगू. सगळ्यांसमोर सांगू. शिकलेल्या माणसाची एक तरी शेखी मिरवायला मिळेल.

मग त्यांनी घंगाळात वाकून पाहिलं. एरवी सूत रंग पिऊन घेतं आणि मागे फिकं पाणी उरतं. त्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि वर पातळसा गुलाबी थर जमला होता. कडेलाही किटण बसलं होतं.

"पान्याले साय काहून आली गा?"

"तुसाची राख उडाली असन," मी म्हणालो.

ते माझं पहिलं खोटं. किती सहज निघालं! बाबांनी मान हलवली, कारण राख उडतेच.

दोन दिवसांनी माय न्हाणीतून ओरडली, "पावडरचा पुडा आत्ता आत्ता आनला, सपत कसा आला?" बाबा ओसरीवर बसून लड्या बांधत होते. मी म्हणालो, "म्या सदरे धुतले, माय." ते दुसरं. मायने दोरीवरच्या माझ्या दोन सदऱ्यांकडे पाहिलं आणि पुडा उचलून आत नेला.

विणकर आला. बाबांनी लडी त्याच्या हातांवर ठेवली आणि म्हणाले, "पक्का." तो म्हणाला, "दादा, औंदा राणी काय खुलला जी!" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बाबूनं रंगवला." माझी छाती फुगली होती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दीड-दोन महिने काही झालं नाही. काठाचं सूत कोरडंच विणलं जातं. साडी मागावरून उतरली की तिला तांदळाच्या पेजेची खळ देतात, ताणून वाळवतात आणि घडी घालतात. म्हणजे साडी पुरी होईपर्यंत त्या रंगाला पाणी लागतच नाही. एका सकाळी विणकराचा निरोप आला की दादांना घेऊन या. आम्ही दोघं गेलो. त्याच्या अंगणात साडी ताणून बांधली होती आणि त्याची बायको हातात पेजेचा बोळा घेऊन तशीच उभी होती. काठाची करवत उरलीच नव्हती. दाते पसरून एकमेकांत गेले होते आणि काठापासून वीतभर आतपर्यंत साडीच्या अंगात राणी रंग ओघळला होता. तिने बोळा लावला की रंग पुढे सरकत होता. ती रडत नव्हती, घाबरली होती. घरात आणखी साड्या तयार होत्या आणि त्यांना खळ द्यायला तिचे हात धजत नव्हते.

बाबांनी काठाला बोट लावलं. बोट गुलाबी झालं. त्यांनी ते पुसलं, पुन्हा लावलं.

विणकर आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "दादा, तुमी पक्का म्हनले म्हनून म्या इनलं. मी कोनाले काई म्हनत नाई. पन हे काहून झालं, तेवढं सांगा."

"मले नाई समजून राहिलं," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो. साबणाने रंग शिरायला मदत होते, असं पुस्तकात होतं. मग पावडरीने रंग निघेल कसा? या 'खात्री नाही'च्या आड मी लपलो, आणि लपायला ती जागा मोठी सोयीची होती. त्या आठवड्यात आणखी तीन घरांतून साड्या आल्या. कुणी अंगणात टाकून गेलं, कुणी नुसतं दाखवून परत नेलं.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले, थोडं सूत घेतलं, आणि मला जवळ येऊ न देता सगळं स्वतःच्या हाताने केलं. रिठा, तीन पाणी, चौथं पाणी. तोच डबा, तीच पूड, तेच घंगाळ. सूत वाळल्यावर त्यांनी ते पेजेत भिजवलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दगडाखाली ठेवलं. संध्याकाळी फडकं उघडलं तर कोरं पांढरं. रंग पक्का.

मला वाटलं, सुटलो. आता बाबा हसतील, विणकराला बोलावतील. पण ते फडकं हातात धरून बसून राहिले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हे जास्त वाईट झालं आहे. रंग दुसऱ्यांदाही उतरला असता तर पूड खराब म्हणता आलं असतं, पाणी बिघडलं म्हणता आलं असतं. आता तेच हात, तेच पाणी, तीच पूड. एकदा रंग उतरतो आणि एकदा उतरत नाही. तीस वर्षांत त्यांना असं कधी दिसलं नव्हतं.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. माझी ती खात्री नसण्याची सबब तिथेच संपली होती, कारण त्या दिवशी आणि आज एवढाच फरक होता की घंगाळात पावडर नव्हती. हे मला कळलं, चांगलं लख्ख कळलं. जीभ रेटली नाही. गल्लीतला पहिला बी.एस्सी., रंगाची विद्या शिकून आलेला! मी उठून न्हाणीत गेलो आणि उगीच तोंड धुतलं.

आठ दिवसांनी तो विणकर स्वतः आला. काखेत नवीन सूत होतं. मला वाटतं, दादांना सावरायलाच आला होता. म्हणाला, "दादा, झालं ते झालं. एक डाव सगऱ्याईचंच होते. हे सूत घ्या, रंगवा, अन् पक्का म्हना. मी घेऊन जातो."

बाबा म्हणाले, "कसा म्हनू? तवाही म्या पक्काच म्हनलो होतो."

"आता त पक्का येऊन राहिला ना? म्या आयकलं."

"येऊन राहिला. पन तवा काहून नाई आला, ते मले माईत नाई. मले माईत नाई तं मी तुले पक्का कसा म्हनू गा?"

विणकराने सूत बाबांपुढे ठेवून पाहिलं. मग सूत उचलून घेऊन गेला. माझ्या बापाला खोटं बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

त्यानंतर भट्टी पेटली नाही. एकदोघं आले तर बाबा म्हणाले की नागपूरचं सूत आना, चांगलं असते. वर्षभरात घंगाळं गेली आणि बाबा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला लागले. उकडलेलं धान फरशीवर पसरायचं आणि दिवसभर पायांनी त्यात रेघा ओढत फिरायचं, म्हणजे ते सारखं वाळतं. घरी आले की ते हातांकडे बघत बसायचे. तळव्यांवरचा रंग हळूहळू फिका होत गेला. मायला वाटायचं की त्यांना हातात काही दुखतं आहे. तिने कसलं कसलं तेल आणून चोळलं.

मी एम.एस्सी.ला नागपूरला गेलो. दुसऱ्या वर्षी एका प्रात्यक्षिकात सरांनी आम्हाला परीक्षानळीत रंगाचं पाणी दिलं आणि दुसरीकडे धुण्याच्या पावडरीचं पाणी. थेंब थेंब टाका आणि काय दिसतं ते लिहा. रंग राणी नव्हता, जांभळा होता, पण त्याच जातीचा. मी पाच-सात थेंब टाकले. लख्ख पाणी गढूळ झालं, छटा पालटली, मग बारीक कण दिसायला लागले, आणि थोड्या वेळाने वर एक पातळ थर येऊन कडेला चिकटला. साय. मी ती परीक्षानळी हातात धरून उभा राहिलो.

सरांनी फळ्यावर समजावलं. या जातीचा रंग पाण्यात विरघळला की त्याच्या कणांवर धन भार असतो, पावडरीच्या कणांवर ऋण. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. धरलं की दोघांचंही पाण्याशी नातं तुटतं, आणि ती जोडी पाण्याबाहेर पडून गाळ होते. तो गाळ कापडावर बसला तर रंग चढल्यासारखा दिसतो, पण तो आत शिरलेला नसतो, नुसती धूळ असते. पाणी लागलं आणि हात फिरला की निघाला. "आता थांबू नका, पावडर टाकत राहा," सर म्हणाले. टाकत राहिलो तर गाळ नाहीसा झाला आणि पाणी पुन्हा स्वच्छ रंगीत झालं. पावडर पुरेशी झाली की तिचे कण घोळके करतात आणि रंगाला त्या घोळक्यात सामावून घेतात. मग रंग पाण्यातच राहतो, सुताकडे जातच नाही. म्हणजे मूठ कमी पडली म्हणून गाळ झाला; दोन-चार मुठी टाकल्या असत्या तर सूत रंगलंच नसतं, आणि बाबांनी ते त्याच दिवशी पाहिलं असतं. रिठ्याचा फेस वेगळा, त्याला असला भार नसतो, पण फेस मेल्याशिवाय सूत रंगात टाकू नये ही शिस्त मुळात शहाणपणाची होती. ज्याला मी अडाणी म्हणत होतो त्या माणसाने ती एकदाही मोडली नव्हती.

त्या प्रात्यक्षिकात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. निरीक्षणं अचूक आहेत, असा शेरा होता.

आता तरी सांगायचं ना? नाही. आता काय उपयोग, भट्टी बंद झाली, घंगाळं गेली, उगीच म्हाताऱ्याच्या जखमेवरची खपली कशाला काढा. अशी वाक्यं मला फार छान जमतात. नंतर मला चिखल्याकडे खाणीवर प्रयोगशाळेत नोकरी लागली. मँगनीजचा दगड तपासायचा. सुट्टीला घरी जायचो, बाबांच्या पायांना भेगा पडलेल्या पाहायचो, मलम आणून द्यायचो. मलम देणं सोपं होतं.

अखेर सांगितलं ते सगळं मिळून आठ वर्षांनी. बाबांना दम लागायला लागला होता, तुसाच्या धुळीने म्हणा की कशाने. मी एका सुट्टीला दोन परीक्षानळ्या, चिमूटभर राणीची पूड आणि तीच पावडर घेऊन घरी गेलो. दुपारी ते ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर दोन्ही नळ्यांत रंगाचं पाणी केलं आणि एकीत पावडरीचं पाणी थेंब थेंब सोडलं. समजावायला तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. नळी घेतली, उजेडात धरली, तिरपी केली, कडेवरची साय पाहिली. रंगाऱ्याचे डोळे होते ते, त्यांना फळ्यावरचं काही लागलं नाही.

"पावडर टाकली होती तुनं."

"हो बाबा. एक मूठ."

"हे केवा समजलं तुले?"

"नागपूरले. सहा वर्सं झाले."

"अन् टाकली, ते?"

पावडर टाकल्याचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी नळी जपून खाली ठेवली.

"तवाच सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं म्या पावडर उकिरड्यावर फेकली असती अन् दुसऱ्या दिसी भट्टी पेटवली असती. एवढंच तं पायजे होतं मले. काहून झालं, एवढंच. मी आपला मायाच हाताले दोष देत राहिलो."

रागावले असते, एक थोबाडीत ठेवून दिली असती तरी मला जमलं असतं. ते रागावले नाहीत. हाताचे तळवे उलटसुलट करून पाहिले फक्त. मग म्हणाले, "त्याले सांग. विनकराले. मी सांगीन तं त्याले वाटंन, बुढा पोरावर ढकलून राहिला. तू सांग, तुया तोंडानं."

"सांगतो," मी म्हणालो.

विणकराचं घर आमच्यापासून चार घरांवर. त्या सुट्टीत मी दोनदा त्याच्या दारावरून गेलो. एकदा तो जेवत होता. एकदा त्याच्याकडे कुणी बसलं होतं. पुढच्या सुट्टीत सांगू म्हटलं. पुढच्या सुट्टीत बाबांनी नुसतं विचारलं, "भेटला का?" मी म्हणालो, तो गावाला गेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं नाही. मग कधीच विचारलं नाही.

दीडेक वर्षाने, थंडीत, बाबा गेले. तळ्याच्या काठावर आमच्या गावाचं मसण आहे. उन्हं चढली होती आणि माणसं पांगायला लागली होती. विणकर माझ्याजवळ आला. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असा रंगारी पुन्हा होनार नाई, बाबू. सगऱ्या जिंदगीत एक डाव हात चुकला. तं कोनाचा नाई चुकत?"

भोवतीच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. मीही हलवली.